तळाचं पान

बातम्यांच्या स्टुडिओत पहिलं पाऊल टाकलं की डोळे दिपतील, असं नवीला वाटलं होतं. प्रत्यक्षात डोळे ताणून पाहावं लागलं. दिवे सगळे एका टेबलावर रोखलेले, बाकी खोलीत काळोख. जमिनीवर चिकटपट्टीने डकवलेल्या तारा, कोपऱ्यात हात मोडलेली खुर्ची आणि तिच्यावर कुणाचा तरी उसवलेला स्वेटर. टीव्हीवर संगमरवरासारखं झळकणारं टेबल जवळून पाहिलं तर साधं प्लायवूडचं निघालं आणि मागच्या अंगाला त्याला रंगसुद्धा नव्हता. प्रेक्षकाला दिसतं तेवढंच रंगवायचं, ही नाटकवाल्यांची जुनी रीत इथेही होती.

नवी पत्रकारितेच्या शेवटच्या वर्षाला होती. तिला नाव होतं, पण पहिल्या दिवशी कुणी तरी ‘ए नवी’ म्हणून हाक मारली आणि सातवा आठवडा उजाडला तरी ती नवीच राहिली. आठ आठवडे इथे काम शिकायचं आणि शेवटी कॉलेजचा एक कागद भरून न्यायचा होता. त्या कागदावर एक चौकट होती, ‘विद्यार्थ्याने स्वतंत्रपणे केलेले काम’. ती बुलेटिनच्या प्रमुखांनी स्वतःच्या हाताने भरायची. कोरी राहिली तर वर्ष वाया.

प्रमुखांना पाठीमागे सगळे सेकंदराव म्हणत. माणूस मिनिटांत बोलतच नसे. जेवायला किती वेळ लागेल विचारलं तर म्हणत, ‘नऊशे सेकंद.’ सहाव्या आठवड्यात नवीने धीर करून तो कागद त्यांच्यापुढे ठेवला, तेव्हा त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, “पाणी, पानं आणि प्रश्न. तीन कामं करतेस तू. पाणी आणतेस, पानं वाहतेस, प्रश्न विचारतेस. यातलं काय लिहू?” कागद आला तसा परत गेला.

घरी वेगळीच तऱ्हा. आई पिशव्या शिवण्याच्या कारखान्यात होती. संध्याकाळी बोटांना तेल चोळत ती रोज एकच विचारी, आज टीव्हीवर दिसलीस का? भाऊ म्हणे, दिसेल कशी, ती कॅमेऱ्याच्या मागे फडकं मारते. वडील लिफ्ट दुरुस्त करत. ते काही बोलत नसत, पण एकदा म्हणाले, लिफ्ट चालते तोवर मेकॅनिक कोण हे कुणाला ठाऊक नसतं, आणि तेच बरं असतं. नवीला ते तेव्हा पटलं नाही.

ती वाहत होती ती पानं आत्याबाईंची. आत्याबाई प्रॉम्प्टर चालवत. बातम्या वाचणारीच्या समोर, कॅमेऱ्याच्या तोंडावर एक काच असते. तिच्यावर अक्षरं खालून वर सरकत जातात आणि ती वाचता वाचता बाई आपल्याच डोळ्यांत बघून बोलते आहे असं घरी बसलेल्याला वाटतं. ती अक्षरं आपोआप सरकत नाहीत. शेजारच्या खोलीत कुणी तरी अंगठ्याने एक चकती फिरवत असतं. सत्तावीस वर्षं तो अंगठा आत्याबाईंचा होता. ठेंगणी मूर्ती, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, पायांत आवाज न करणाऱ्या कापडी चपला. साहेबापासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांच्या त्या आत्या. भांडण त्यांच्याशी कुणी करत नसे, कारण त्यांच्याशी भांडायला गेलेला माणूस खोकल्याच्या गोळ्या घेऊन परत येई.

त्यांचे वडील फिरत्या नाटक मंडळीत विंगेत बसून प्रॉम्प्टिंग करत. मांडीवर संहिता, हातात मिणमिणता दिवा आणि डोळे नटाच्या गळ्याकडे. ओठांकडे नव्हे, गळ्याकडे. आत्याबाई हे मुद्दाम सांगत. माणूस अडणार असेल तर आधी त्याचा श्वास अडतो. आठ वर्षांच्या आत्याबाई बापाच्या पाठीला टेकून झोपत आणि झोपेत सगळी नाटकं त्यांना पाठ होत. मंडळी बुडाली, पडदे विकले गेले, पण विद्या राहिली. “पुढे धावायचं नाही, मागे रेंगाळायचं नाही,” त्या नवीला सांगत. “ती श्वास घेईल तिथे तुझा अंगठा थांबला पाहिजे. आपण सावली आहोत, बयो. सावली कधी माणसाच्या पुढे दाराबाहेर पडते का?” नवीने एकदा म्हणून पाहिलं की सकाळी ऊन पाठीमागे असलं तर पडते. आत्याबाई खूप वेळ हसल्या आणि म्हणाल्या, शहाणी आहेस, म्हणूनच तुझं अवघड आहे.

काचेवर सगळं दिसत असतानाही आत्याबाई प्रत्येक बुलेटिनची पानं मोठ्या अक्षरांत छापून टेबलावर ठेववत. काच कधी दगा देईल सांगता येत नाही, हे एक. आणि त्या गठ्ठ्याच्या अगदी तळाशी एक जास्तीचं पान असे. त्यावर एखादी बातमी, आजची असून उद्याही शिळी न होणारी. वेळ उरलाच तर वाचायला. गेल्या अकरा वर्षांत ते पान एकदाही वाचलं गेलं नव्हतं. सगळे त्याला आत्याबाईंचा नैवेद्य म्हणत, रोज दाखवायचा आणि रोज उचलून ठेवायचा. तरी त्या ते रोज बदलत.

दुसऱ्याच आठवड्यात नवीने एकदा आळसाने कालचंच तळाचं पान पुन्हा ठेवलं होतं. आत्याबाई रागावल्या नाहीत. त्यांनी ते पान काढलं, घडी घातली आणि तिच्या हातात दिलं. “काल बाजारात आलेली भाजी आज पाहुण्याला वाढशील?” एवढंच. ती घडी नवीने अजून जपून ठेवली आहे.

सातव्या आठवड्यातल्या एका सकाळी आत्याबाईंनी तिच्यापुढे कोरा कागद सरकवला. आजचं तळाचं पान तू लिही. नवीचा चेहरा उजळला आणि लगेच पडलाही. सात आठवड्यांनी बातमी लिहायला मिळाली, तीही जी कुणी वाचणार नाही अशी.

तरी तिने लिहिली. तिच्या रोजच्या रस्त्यावरच्या बाजारचौकात एक मोठं घड्याळ होतं. कित्येक वर्षं ते तीन मिनिटं पुढे चालत होतं. लोकांना ते ठाऊक होतं, सगळे मनातल्या मनात तीन मिनिटं वजा करत आणि सावकाश बस गाठत. गेल्या आठवड्यात एका म्हाताऱ्या घड्याळजीने स्वतःहून शिडी लावून ते बरोबर केलं. दुसऱ्या दिवसापासून अर्ध्या चौकाची बस चुकू लागली. लोक घड्याळजीच्या दुकानावर तक्रार घेऊन गेले, तेव्हा त्याने घड्याळाखाली पाटी लावली, ‘घड्याळ आता बरोबर आहे. कृपया सवय बदला.’

आत्याबाईंनी वाचलं, गालातल्या गालात हसल्या आणि विचारलं, “कित्येक वर्षं म्हणजे किती?”

“आत्या, हे कोण वाचणार आहे?”

“मी वाचलं की.”

तेव्हा नवीने दोन फोन केले. घड्याळजीने तिला फोन ठेवूच दिला नाही. पाच वर्षं आठ महिने, त्याने ठासून सांगितलं, सहा म्हणू नका, मी रोज येता जाता मोजत होतो. बस डेपोतल्या माणसाने आधी हात झटकले आणि मग कबूल केलं की हो, त्या थांब्यावर हल्ली माणसं बसच्या मागे पळताना दिसतात. नवीने पान पुन्हा लिहिलं, छापलं आणि तळाशी ठेवलं.

त्या दुपारी स्टुडिओतला मदतनीस आजारी पडला. कॅमेऱ्याजवळ उभं राहून खुणा करायला कुणी नव्हतं. आत्याबाई म्हणाल्या, मी आत उभी राहते, चकती नवी फिरवेल. पंधरा मिनिटांचं बुलेटिन, तिने सरावात दहादा केलंय. सेकंदरावांनी नवीकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि वाद घालायला सेकंद नव्हते म्हणून मान हलवली. चौकटीत लिहिण्यासारखं काही घडणार असेल तर ते आजच, एवढं तिला कळत होतं.

दार बंद झालं, लाल दिवा लागला, बातम्या सुरू झाल्या.

पहिली दोन मिनिटं छान गेली. मग नवीला वाटलं, बातम्या वाचणाऱ्या मॅडम अडखळायला नकोत, म्हणून तिने अक्षरं एक ओळ पुढे ठेवली. मायेनेच केलं. आत काचेवर ओळी वर निसटताना दिसल्या, तेव्हा मॅडमना वाटलं आपण मागे पडतोय. त्यांनी वेग घेतला. त्या वेगात वाचताहेत म्हणजे त्यांना वेग हवाय, असं समजून नवीने चकती आणखी भरभर फिरवली. मग मॅडम आणखी पळाल्या. ‘तू पुढे की मी पुढे’ करत दोघी धावू लागल्या, आणि दोघींनाही खात्री की आपल्याला दुसरी पळवतेय. पाठशिवणीच्या खेळात राज्य कुणावर आहे तेच ठरलेलं नसावं, तसं झालं.

सेकंदराव त्या वेळी फोनवर होते. खेळाच्या बातम्यांची चित्रं पोचली नव्हती आणि ते पाठवणाऱ्याला झापत होते. फोन ठेवून त्यांनी वर पाहिलं तेव्हा हवामान सुरू झालं होतं, वेळेच्या बऱ्याच आधी. मॅडमच्या कानात ते ‘सावकाश’ म्हणाले, पण आता सावकाश वाचायला उरलं होतं काय, दोन ओळी. पुढचा कार्यक्रम यंत्र आपोआप लावणार, तोही ठरल्या वेळेलाच.

“सत्तर सेकंद,” सेकंदराव अगदी हळू म्हणाले. “कुणाकडे काही आहे?”

कुणाकडे काही नव्हतं. काच कोरी झाली. नवीचा अंगठा चकतीवरून आपोआप खाली आला. नाटकात असा क्षण येतो, पात्र उभं असतं, शब्द संपलेले असतात आणि प्रेक्षागृहातला खोकलासुद्धा बंद होतो. विंगेतल्या माणसाची किंमत तेव्हा कळते.

पडद्यावर मॅडम एक क्षण हसऱ्या चेहऱ्याने तशाच राहिल्या. मग त्यांची नजर किंचित बाजूला गेली. कॅमेऱ्याशेजारी आत्याबाई उभ्या होत्या, बोलायची सोय नव्हती. त्यांनी फक्त बोट खाली दाखवलं. मॅडमनी शांतपणे गठ्ठ्याच्या तळातलं पान ओढून वर घेतलं.

“आणि जाता जाता, बाजारचौकातल्या एका घड्याळाविषयी.”

आता पळवणारं कुणी नव्हतं. मॅडम कागदावरून सावकाश वाचत होत्या, श्वास घेत, थांबत. पाच वर्षं आठ महिने. शिडी. चुकलेली बस. ‘कृपया सवय बदला’ म्हणताना त्यांना खरोखरचं हसू फुटलं आणि त्यांनी ते दाबलं नाही. त्या हसण्यावरच वेळ संपला. सेकंदराव बोटांवर मोजत होते, त्यांची मूठ बरोबर मिटली.

खोलीत कुणी तरी टाळी वाजवली आणि सेकंदरावांकडे पाहून हात खाली घेतले. लाल दिवा विझला. मॅडम आणि आत्याबाई बाहेर आल्या.

“वेळ कुणी खाल्ला?” सेकंदरावांनी विचारलं.

नवी उभी राहिली. “मी. मी ओळ पुढे ठेवली.”

“मीही पळालेच की,” मॅडम म्हणाल्या. “एवढ्या वर्षांत मला कळायला हवं होतं.”

“आणि ते पान?”

नवीने आत्याबाईंकडे पाहिलं. आत्याबाई खोकल्याच्या गोळीचा कागद सोडवण्यात दंग होत्या. त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं, म्हणजे पूर्ण लक्ष होतं.

“तेही माझंच,” नवी म्हणाली.

“आकडा खरा आहे? पाच वर्षं आठ महिने?”

“घड्याळजीला विचारला. बसचं डेपोतून विचारून घेतलं.”

सेकंदरावांनी हात पुढे केला. कागद कुठला हे नवीला कळायला थोडा वेळ लागला. तिने पिशवीतून तो काढून दिला, चुरगळलेला. त्यांनी तो मांडीवर सपाट केला आणि चौकटीत लिहिलं: ‘या विद्यार्थिनीने बुलेटिन सत्तर सेकंद आधी संपवले. ते सत्तर सेकंद तिच्याच तपासून लिहिलेल्या बातमीने भरून निघाले. दोन्ही कामे स्वतंत्रपणे केली.’ खाली सही. मग म्हणाले, “उद्याही चकतीवर तूच बस. आज घाबरलीस ते उद्या जाईल.”

नवीला रडू येणार होतं, म्हणून ती पाणी आणायला वळली. परत आली तेव्हा खोली रिकामी झाली होती. आत्याबाई आपल्या खुर्चीत बसून उद्याचे कागद जुळवत होत्या. नवीला खूप काही बोलायचं होतं. अकरा वर्षं न वाचलेल्या पानांबद्दल, घडी घातलेल्या त्या एका पानाबद्दल, आणि आज बोट खाली दाखवून स्वतः गोळीच्या कागदात दडून बसल्याबद्दल. ती त्यांच्या पाया पडायला वाकली, तर आत्याबाईंनी मध्येच तिच्या हातात एक कोरा कागद ठेवला.

“आजचं खर्ची पडलं,” त्या म्हणाल्या. “उद्या तळाशी काय ठेवायचं?”

घरी आईने बोटांना तेल चोळत विचारलं, आज टीव्हीवर दिसलीस का? नवी म्हणाली, दिसले नाही, पण आज माझे शब्द ऐकू आले. भावाने तिच्याकडून घड्याळाची बातमी दोनदा ऐकली आणि म्हणाला, बस माझीही चुकली होती, मी समजत होतो माझंच घड्याळ बिघडलं. त्या रात्री त्याने फडक्याचा विषय काढला नाही.

जेवणं झाल्यावर नवीने कोरा कागद वडिलांपुढे ठेवला.

“बाबा, लिफ्टचं काही तरी सांगा. लोकांना माहीत नसलेलं.”

वडिलांनी डोकं खाजवलं. मग सांगू लागले, की लिफ्ट बोलावायचं बटण लोक पुन्हा पुन्हा दाबतात. एकदा दाबलं की झालेलं असतं, पण दहादा दाबल्याशिवाय कुणाचं समाधान होत नाही, म्हणून सगळ्यात आधी बटणंच झिजतात. त्यांनी बदललेली जुनी बटणं एका डब्यात ठेवली होती. आईला पहिल्यांदाच कळलं की त्या डब्यात काय आहे. वडील कधी नव्हे ते बोलत सुटले आणि नवी लिहीत राहिली.

“वर्षाला किती बदलता?”

“असतील चाळीसेक.”

“असतील नको, बाबा. आणि तुमच्याशिवाय आणखी एका मेकॅनिकचा नंबर द्या. मला उद्या सकाळी त्यालाही विचारावं लागेल.”

वडिलांनी तिच्याकडे पाहिलं, थोडे गुश्शात, बरेच कौतुकाने. मग उठून डबा आणला, बटणं जमिनीवर ओतली आणि दोघं मोजायला बसली.