एक, दोन, चार

आमच्याकडे पोळ्या करणाऱ्या काकूंना मोजता येत नसे. निदान वर्षभर माझी तशी समजूत होती. तव्यावरची पोळी डब्यात टाकताना त्या मोठ्याने मोजत, "एक, दोन, चार..." आणि ओट्याशी बसलेली माझी नात मिनी ओरडे, "काकू, तीन भूल गई आप!"

"अगं बाई! पुन्हा सांग बरं."

मिनी तेव्हा इथल्या हिंदी शाळेत केजीत होती. आईवडील नोकरीवर, म्हणून शाळेतून आलेला घरचा अभ्यास माझ्याकडे. मी जन्मभर गणित शिकवलेला माणूस. एक ते वीस दहादा लिहून घ्यायचो. पाचव्या ओळीला मिनीची पेन्सिल हमखास हरवायची, डोळे भरायचे आणि ती स्वयंपाकघरात पळायची.

काकू 'शिंदे की छावनी' या मोहल्ल्यातून पायी येत. पदर खोचतानाच पहिला प्रश्न, "आज मॅडमनी काय सांगितलं? मला पण शिकव." मग मिनी परातीतल्या पिठात बोटाने अक्षर काढी. काकू ते उलटं गिरवत. मिनी कपाळावर हात मारून घेई आणि त्यांचं बोट धरून नीट वळवी. माझ्यापुढे रडणारी पोर तिथे मास्तरीण होई.

मला ते खपेना. एकदा मिनीसमोरच म्हणालो, "स्वतःला अक्षर येत नाही, पोरीला कशाला बिघडवता?"

"म्हणून तर तिला विचारते, काका," त्या म्हणाल्या आणि पोळी उलटली.

वर्षअखेरीस शाळेत पालकांना बोलावलं. मिनीचा हात धरायला काकू सोबत होत्या. मॅडम म्हणाल्या, "मिनी तो दूसरे बच्चों को भी समझाती है! घर पर कौन पढ़ाता है?"

"मैं ही," मी म्हणालो. "गणित का मास्टर था."

काकू शेजारीच उभ्या होत्या. फूलबागेच्या रस्त्याने घरी परतताना त्यांनी एवढंच विचारलं, "उद्या भाजी कोणती करू?"

त्याच उन्हाळ्यात त्या मुलाकडे जबलपूरला निघाल्या. "पत्ता देऊन ठेवते," म्हणत मिनीच्या वहीच्या शेवटच्या पानावर उभ्या उभ्या चार ओळी लिहिल्या. वळणदार, एकटाकी अक्षर. फळ्यावर जन्म काढूनही मला तसं साधलं नाही.

"काकू, तुम्ही..."

"लग्नाआधी बालवाडीत शिकवत होते," त्या हळूच म्हणाल्या आणि मिनीकडे पाहत ओठांवर बोट ठेवलं.

मिनी वही नाचवत होती. "देखो आजोबा, काकूंना येतं! मीच शिकवलं!"

"मग! मॅडमच तशी मिळाली मला."

तेव्हा माफी मागायला हवी होती. मी विचारलं, "रिक्षा बोलावू का?"

मिनी आता सातवीत आहे. तिचा पाया आजोबांनी घातला, असं घरात सगळे म्हणतात. मिनीही म्हणते. मी आजवर गप्प राहिलो.

या कागदाच्या दोन प्रती केल्या आहेत. एक मिनीच्या टेबलावर ठेवतो. दुसरी वहीतल्या त्या पत्त्यावर पाठवतो. अक्षर जमेल तितकं नीट काढलंय, काकू.