पापाय दोमितिलाने अडवून धरलेला झेंडा

शहरातली माणसं मला पापाय दोमितिला वेनचुलबद्दल एकच विचारतात. तेमुको शहरात तुमच्या लोकांच्या मोर्च्यात असतो तो निळा-हिरवा-लाल झेंडा, मधोमध पिवळा ढोल असलेला, तो हीच बाई शिवायची ना? हो, हीच. वडीलधाऱ्या बाईला आम्ही पापाय म्हणतो. तो झेंडा हातात धरला म्हणून आमच्या पोरांना पोलीस गाडीत कोंबायचे, त्या दिवसांपासून शिवायची. तेही दार सताड उघडं टाकून, रस्त्याकडे तोंड करून. एकदा एका शिपायाने विचारलं, काय शिवतेस गं? ती म्हणाली, उशीचा अभ्रा, दमला असशील तर टेक डोकं.

सप्टेंबरात मात्र ती सरकारी झेंडेही शिवायची, एका चांदणीचे. राष्ट्रीय सणाला घरावर तो लावायचा कायदाच आहे. मी डाफरले तिच्यावर. आपली जमीन ज्यांनी लाटली त्यांचं कापड शिवतेस? तिने दोरा दाताने तोडला आणि म्हणाली, नाही लावला तर दंड होतो, आणि दंड भरणार ती माणसं आपलीच.

पण मला सांगायचंय ते या दोन्ही झेंड्यांबद्दल नाही. बुदी सरोवराकाठच्या आमच्या वस्तीत गियातुन होतं, म्हणजे सगळ्यांनी मिळून आभाळाकडे मागणं मागायचं. मधला खांब रोवतात, त्याच्या शेजारी बांबूवर झेंडा चढवतात, घोडेस्वार भोवती फेऱ्या घालतात. ऊन हवं असेल तर झेंडा पांढरा, पाऊस हवा असेल तर काळा. हा झेंडा पापायच्या घरातूनच जातो. तिच्या आईने शिवला, आईच्या आईने शिवला. तो उभा राहिल्याशिवाय ढोलावर थाप पडत नाही.

त्या वर्षी काळा ठरला, आणि त्यात कुणाचं दुमत असायचं कारणच नव्हतं. झरे आटले होते. पापायची विहीर तर आधीच्या उन्हाळ्यातच कोरडी पडली होती. नगरपालिकेचा टँकर आला तर पाणी, नाही आला तर तिच्या मेंढ्या कुंपणाशी जीभ काढून उभ्या. आणि विहीर का आटली हे शेंबडं पोर सांगेल. वरच्या अंगाला तिचा धाकटा भाऊ बेलिसारियो याची जमीन. ती त्याने कंपनीला निलगिरी लावायला दिली. निलगिरी वर गेली, पाणी खाली गेलं. त्यानंतर बहीणभावाचं बोलणं बंद. त्यात बेलिसारियो ख्रिस्ती प्रार्थनामंडळात गेलेला. गियातुन म्हणजे सैतानाचा बाजार, असं तो दर रविवारी गिटार वाजवून सांगायचा.

आता गंमत बघा. त्याचा गहू कापून शेतात पडलेला, आणि मळणीयंत्र पलीकडच्या वस्तीत बिघडून बसलेलं. वर्षाचं पीक उघड्यावर. पाऊस आला तर ओंब्यांना कोंब फुटणार आणि डुकरंसुद्धा तोंड लावणार नाहीत. वस्तीत जो तो हसत होता. म्हणे, दोमितिलाचा काळा झेंडा आणि बेलिसारियोचा गहू, आभाळात न्याय आहे तर! मीही हसले. खोटं कशाला बोलू, मला तर तो न्याय हवाच होता.

सोमवारी मी पापायकडे मदतीला आले होते. दुपारी दारात बेलिसारियो. टोपी हातात, नजर उंबऱ्यावर.

"लामगेन," तो म्हणाला. बहिणीला आमच्यात असंच म्हणतात. किती वर्षांनी म्हणाला असेल कोण जाणे.

तिने मशीन थांबवलं नाही. तो हवेबद्दल बोलला, मेंढ्यांबद्दल बोलला, त्यांच्या पास्टरच्या गुडघेदुखीबद्दल बोलला. मग घसा खाकरून म्हणाला, "शनिवारी म्हणे आहे तुमचं ते."

"आहे."

"काळाच का?"

"तुझा तर विश्वास नाही ना त्याच्यावर," पापाय म्हणाली. "मग चिंधीला काय घाबरतोस?"

"घाबरत नाही. सहज विचारलं."

"मग सहज जा."

तो गेला. मी टाळीच वाजवणार होते. पापायने मात्र मशीन बंद केलं आणि त्याच्या शेताकडे बघायला दारात गेली.

बुधवारी लोन्को आनिसेतो, म्हणजे आमच्या वस्तीचे प्रमुख, झेंडा न्यायला आले. पापाय म्हणाली, झाला नाही अजून. मी चमकले. झेंडा मशीनच्या खणात घडी घालून ठेवलेला मी सकाळीच पाहिला होता. लोन्को म्हणाले, होईल कधी? ती म्हणाली, काळा दोरा संपलाय. लोन्कोंनी माझ्याकडे पाहिलं, मी भिंतीकडे.

ते चिडले, आणि त्यांचं चिडणं रास्तच होतं. सरोवरापलीकडची माणसं बोलावलेली. पाहुण्यांना प्यायला गव्हाची मुदाय मडक्यांत आंबत घातलेली, चार दिवस उशीर झाला तर ओतून द्यावी लागली असती. पाहुण्यांना परत पाठवणं म्हणजे वस्तीचं नाक कापणं. तुझ्या आईने कधी एक दिवस चुकवला नाही, असं ते म्हणाले. दुसऱ्या कुणाकडून शिवून घेऊ का, हेही म्हणून झालं. तिने फक्त माते, म्हणजे आमचा कडू पाल्याचा चहा, वाटीत भरून त्यांच्यापुढे धरला.

ते प्यायले. पुन्हा भरून घेतली. बाहेर उतारावर बेलिसारियोचं शेत दिसत होतं, आणि त्यात तो एकटाच पेंढ्या गोळा करत फिरत होता. लोन्को त्याच्याकडे बघत राहिले. मग रिकामी वाटी परत देत म्हणाले, "किती गाड्या होईल त्याचा गहू?"

"घोडे लावले तर शुक्रवारपर्यंत आटपेल," पापाय म्हणाली.

"घोडे फेऱ्यांसाठी राखलेत."

"चांगलं आहे. पाय मोकळे होतील त्यांचे."

ते उठून गेल्यावर माझं डोकं फिरलं. मी तिला नाही नाही ते बोलले. ज्याने तुझं पाणी विकलं, त्याच्यासाठी सगळी वस्ती ताटकळत ठेवतेस? तुझ्या मेंढ्या मरताहेत!

"मला पाऊस हवाय," ती म्हणाली. "त्याचा गहू कुजलेला नकोय. कापड एकच आहे, त्याला मी काय करू? माझ्या हाताने शिवलेल्या झेंड्याखाली माझा भाऊ उपाशी राहिला, तर तो झेंडा पुन्हा कोणत्या तोंडाने शिवू?"

"आणि निलगिरी?"

"त्याचं भांडण आहेच. ते मी त्याच्याशी भांडेन. आभाळाला कशाला मध्ये घालू?"

गुरुवारी खळं सारवलं गेलं आणि जुन्या पद्धतीने घोडे गोल गोल पळवून मळणी सुरू झाली. माणसं आली, पण कुरकुरत आली, आणि बेलिसारियोची सालटी काढत आली. एकजण म्हणाला, हालेलुया म्हण हवं तर, पण दोर ओढ. दुसरी म्हणाली, सैतानाचे घोडे बरे चालतात गड्या तुला. तो मान खाली घालून पेंढ्या टाकत राहिला. पापाय खळ्यावर फिरकली नाही. शुक्रवारी दुपारी सरोवरावरून वारा सुटला, उफणणी झाली, पोती भरली. लोन्को आले. तिने खण उघडून झेंडा त्यांच्या हातात दिला. दोऱ्याबद्दल त्यांनी विचारलं नाही.

संध्याकाळी उजेड असतानाच बैलगाडी तिच्या फाटकाशी थांबली. पोत्यांनी भरलेली.

"माझ्या कोठाराचं छप्पर गळतं," बेलिसारियो म्हणाला.

पापायने वर पाहिलं. आभाळ असं निरभ्र की डोळे दुखावेत. "कशाने गळेल रे?"

त्याने गाडीवरचे दोर सोडले. एक पोतं खांद्यावर घेऊन उभा राहिला. ती बाजूला झाली. मग पोत्यांना जागा करायला मशीन भिंतीकडे सरकवलं आणि मलाही हात लावायला लावला.

गियातुन झालं. दमलेले घोडे फेऱ्यांत पाय ओढत होते आणि स्वार मला, जणू माझीच चूक, असे टोमणे मारत होते. बेलिसारियो आला नाही. दोन दिवस ढगाचा ठिपका नाही. पाऊस आला तो पुढच्या आठवड्यात, तोही बेताचा. विहीर भरली असं मी सांगणार नाही. निलगिरी उभी आहे तोवर ती भरणारही नाही, आणि त्यासाठी वस्तीच्या वतीने कोर्टाच्या पायऱ्या मी अजून झिजवते आहे.

पहिले थेंब पत्र्यावर वाजले तेव्हा बेलिसारियो धावत आला, पोत्यांवर पाणी पडतंय का बघायला. पडत नव्हतं. मग तो बाहेर गेला आणि दिसेल ते भांडं उचलून तिच्या वळचणीखाली मांडू लागला. बादली, पातेलं, मेंढ्यांची परात. भिजून चिंब झाला तरी थांबेना.

पापाय दारात येऊन बघत होती. "मोठं पिंप राहिलं," ती म्हणाली. "मागे आहे. एकट्याने उचलू नकोस, मी येते."