दोन मुठींचा आरा

हेवा करायला लोकांना शेजाऱ्याची बैलजोडी पुरते, विहिरीचं पाणी पुरतं. मी मात्र ऐन उमेदीची वर्षं शेजाऱ्याच्या करवतीवर जळण्यात घालवली. आणि जळणं म्हणजे कसं? माझ्या पाठीवर पापड टाकला असता तर दोन्ही बाजूंनी भाजून निघाला असता, असं.

आमचं गाव यवतमाळहून पांढरकवड्याला जाणाऱ्या सडकेपासून दोन कोस आत. साठ सालाच्या अलीकडची-पलीकडची गोष्ट. आमच्या चुली पऱ्हाटीवर चालायच्या. कापूस वेचून झाला की झाडं उपटायची, वाळली की गुडघ्यावर मोडायची, चुलीत सारायची. करवतीचं काम घरटी वर्षातून दोनदा निघालं तर निघालं. कुणाच्या छपरावर फांदी यायची, कुणाला खांब आखूड करायचा असायचा. एवढ्यासाठी अख्ख्या गावात एकच करवत, आणि ती नेमकी भिंतीपलीकडच्या माझ्या शेजाऱ्याची.

हा माझ्याच वयाचा. दोन वर्षं पांढरकवड्याच्या जंगलात एका लाकूड ठेकेदाराकडे राबला आणि येताना ही दोन हात लांबीची, एका माणसानं चालवायची करवत घेऊन आला. त्या दिवसापासून त्याच्या दाराशी रांग. रांगेतला शेवटचा माणूस आमच्या शिवारात नसे, पुढच्या गावच्या शिवारात उभा असे. बरं, हा बेटा कुणाला नाही म्हणेल तर शपथ. करवत देई, वर स्वतः जाऊन कापून देई. लोक त्याला चहा पाजत, हुरडा खाऊ घालत आणि परतताना मुद्दाम माझ्या दारावरून म्हणत, "माणूस असावा तर असा!" आमची आई, माझी सख्खी आई, तीही म्हणे. म्हणताना माझ्याकडे बघे.

अशात धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं, वैशाखातलं. पऱ्हाटी भस्सकन पेटते आणि तितक्याच घाईनं विझते. तिच्यावर घरचं पिठलं शिजेल, वऱ्हाडाचा भात शिजत नाही. त्याला जड लाकूड लागतं. आमच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, एक वाळकी बाभूळ उभी होती. चार मजुरांनी दोर लावून ती आडवी केली आणि दुसऱ्या गावी निघून गेले. आता तिचे तुकडे पाडायचे होते. मी कुऱ्हाड घेऊन दिवसभर खपलो. संध्याकाळी कुऱ्हाडीचं पातं बोटभर झिजलं होतं आणि बाभळीनं नुसती कूस बदलली होती.

बायको म्हणाली, "अवो, भिंतीवरून एक हाक मारा नं. भाऊजी करवत घेऊन येतीन."

"माया बहिणीच्या लग्नात त्याच्या करवतीचं लाकूड? भात खाऊन पाव्हणे म्हणतीन, शेजाऱ्यानं शिजवला!"

"मंग कच्चा भात वाढता का?"

"मंग आपली करवत आणतो. त्याच्याहून मोठी."

लग्न आठ दिवसांवर होतं. त्या आठ दिवसांत, त्याचं बोटही न लागता, ती बाभूळ कापून दाखवायची, एवढा एकच ध्यास घेऊन मी यवतमाळच्या मोटारीत बसलो.

लोखंडी सामानाचा दुकानदार म्हातारा होता. चष्मा कपाळावर, नजर थेट माझ्या पोटात. त्यानं वैद्यासारखे प्रश्न सुरू केले.

"लाकूड कोणतं कापाचं हाये, भाऊ?"

वाळकी बाभूळ म्हणायला जीभच वळेना. एवढ्या लांब येऊन बाभूळ? "साग," मी म्हणालो.

"ओला का वाळला?"

"ओला! पाणी गळून राह्यलं त्यातून."

"किती जाड?"

"तिघांच्या कवेत मावत नाही."

"रोजचं काम हाये?"

"रोजचं. सकाळ-संध्याकाळ."

"जोडीदार?"

"मोप!"

म्हाताऱ्यानं चष्मा डोळ्यांवर घेतला. "घरी कधीमधी वापरासाठी असन तर ही घ्या, भाऊ. हातभर लांब, एक मूठ, बारीक दात. वाळलं लाकूड लोण्यासारखं कापते." आणि त्यानं अगदी शेजाऱ्याच्या करवतीसारखी, किंबहुना तिच्याहून बुटकी एक करवत पुढे सरकवली. माझं रक्त उकळलं.

"एका ट्रकवाल्यानं मले सांगतलं," मी आवाज चढवला, "का आता तेलावर चालणारी करवत निघाली हाये. सायकलीसारखी साखळी, साखळीले दात. घरघर केलं का झाड खाली. तशी नाही का तुमच्याजवळ?"

"नाही. अन् असती तरी तुमाले देल्ली नसती."

शेवटी भिंतीवर टांगलेला आरा मी उतरवायला लावला. चार हात लांब, दोन्ही टोकांना लाकडी मुठी. म्हातारा म्हणाला, "ओल्या सागाले दात फाकवून द्या लागन, नाही तर पातं अडकते." त्यानं एक दात डावीकडे, एक उजवीकडे असे चांगले फाकवून दिले. मी मान डोलवत राहिलो.

गावात शिरल्यावर सरळ घरी गेलो असतो तर पाव घटका लागली असती. मी शेजाऱ्याच्या दारावरून तीनदा गेलो. तिसऱ्यांदा त्यानं विचारलं, "काय आणलं गा?"

"काही नाही. घरगुती वापराले."

तो उठून उभा राहिला. त्याच्या तोंडाचा आ झालेला मी पाहिला आणि सात जन्मांची भूक भागली.

दुसऱ्या दिवशी धुऱ्यावर गेल्यावर ध्यानात आलं की दुसरी मूठ शोभेची नसते. शेतीची घाई, कुणीच मोकळं नाही. बायकोला उभं केलं. आरा वाळक्या बाभळीवर टेकवला आणि ओढला. तो उडाला! कापणं दूरच, फाकलेले दात जागोजागी अडकत, उसळत. मी जोर लावून ढकलला की पातं नागासारखं वेटोळं घेई. बायकोचं कुंकू घामानं हनुवटीपर्यंत आलं. तीन दिवसांत आम्ही बाभळीवर एवढी खाच पाडली की तिच्यात सुपारी ठेवता आली असती. मोठी नव्हे, चिकणी.

चौथ्या दिवशी सकाळी मी भाकर सोडायला बसलो तर धुऱ्यावर कोण उभं? तोच. बायकोनं मला न विचारता हाक मारली होती.

तो खाली वाकला, आऱ्याच्या दातांवरून अंगठा फिरवला. "पोलाद एक नंबर हाये लेका. पण हे दात ओल्या सागाले लावले कोनं?"

"दुकानदार चुकला."

"दुकानदार असा चुकत नसते. त्यानं इचारलं असन नं तुले?"

मी भाकरीत तोंड घातलं. बायको पदरात हसली.

त्यानं दगडावर पातं ठेवून लहान हातोडीनं एकेक दात आत बसवला, कानस फिरवली. दुपारपर्यंत तेवढंच. मग एक मूठ त्यानं धरली, एक मी.

"ओढ. आता सोड. ढकलू नको गा! माई पाळी आली का मी ओढतो, तू नुसता मागं ये."

"मले शिकवतं?"

"मंग कोनाले? बाभळीले?"

आणि आरा चालला. पिवळा भुसा दोन्ही बाजूंनी असा उडाला की सूर्य मावळल्यासारखं वाटून गुरं घराकडे वळली. तिसऱ्या दिवशी बाभळीचे हात-हात लांब ओंडके पडले, एकसारखे. आरा माझा होता हे खरं, पण त्याच्या बाजूनं सूर लागायचा आणि माझ्या बाजूनं खोकला. हे कुणी ऐकू नये म्हणून मी मोठमोठ्यानं गप्पा मारत होतो.

लग्नाच्या पंगतीत आचाऱ्यानं सगळ्यांसमोर विचारलं, "एवढं सारखं लाकूड कोनं कापलं जी? भट्टी कशी एका तालात जळून राह्यली!"

"म्या," माझ्या तोंडून सुटलं. मग समोरच्या पानावर माझा शेजारी बसलेला दिसला. पाव्हणे, आई, बायको, सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या. आता हा उठणार आणि आठ दिवसांचं सगळं काढणार, मी समजून चुकलो.

तो म्हणाला, "त्यानंच कापलं. आरा त्याचा, बाभूळ त्याची. म्या त मूठ धरून बसलो होतो."

पंगतीतून एकच आवाज आला, "माणूस असावा तर असा!" आणि तो माझ्यासाठी नव्हता. खोटं मी बोललो, आणि तेही मोठेपणानं त्यानंच पदरात घेतलं!

मी बुंदीच्या लाडवांची परात उचलली आणि त्याच्या पत्रावळीवर आग्रहानं एकेक टाकत गेलो. निदान पोट तरी बिघडावं. सतरा खाल्ले त्यानं. दुसऱ्या दिवशी पहाटे भिंतीवरून हाक आली, खणखणीत आवाजात. वरच्या आळीतलं एक कडुनिंबाचं खोड कापायचं होतं आणि एक मूठ धरायला माणूस पाहिजे होता. आरा, अर्थात, माझाच.