बाभूळ कोरणारं यंत्र

तुम्ही स्वतःच्या कमाईने घेतलेल्या यंत्राचं झाकण उघडायला तुम्हाला दुसऱ्या कुणाची परवानगी का लागावी?

हा प्रश्न मी बारामतीतल्या एका चकचकीत शोरूममध्ये जरा मोठ्यानेच विचारला, तेव्हा विक्रेता माझ्याकडे न बघता वडिलांकडे बघून हसला. "काका, ताई फार तापट दिसतात."

"आईवर गेलीय," वडील म्हणाले. "तिची आई अजून आली न्हाय, हे तुमचं नशीब."

आई अंगणवाडी सेविका. मी अक्षरं शिकले ती तिच्या संघटनेच्या पत्रकांवर. वडील कळस या आमच्या गावात सुतारकाम करतात आणि त्यांच्या पटाश्यासुद्धा त्याच पत्रकांत गुंडाळलेल्या असतात. आसपासच्या वस्त्यांवर कोरीव दार दिसलं की मी ओळखते, हे आमच्या शेडमधलं. पण वडिलांचा उजवा खांदा गेला. डॉक्टरांनी सांगितलं, रंधा जपून चालवा, पण पटाशीवर ठोके मारणं बंद. नक्षी थांबली तशी गिऱ्हाइकंही तयार दारांकडे वळली. लोणी देवकरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन म्हणून उभं राहायचं, असं एका ठेकेदाराने सुचवलं. वडिलांनी त्याला दिवाळीपर्यंत थांबायला सांगितलं. "तवर काय जमलं तर ठीक. न्हाय तर घालतो शिट्टी गळ्यात."

मी त्याच औद्योगिक वसाहतीत सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मशीन चालवते. लोखंड कापते, तेही दुसऱ्याच्या मालकीच्या मशीनवर. वडिलांच्या गळ्यात शिट्टी मला बघवणार नव्हती. वॉचमनचं काम हलकं म्हणून नव्हे. ज्या माणसाला लाकूड कळतं त्याला लाकडापासून तोडणं मला अन्याय वाटत होता. म्हणून मी म्हटलं, घरच्या शेडमध्ये मावेल असं छोटं सीएनसी राउटर घेऊ. कॉम्प्युटरवर नक्षी काढायची, फिरतं पातं ती लाकडात कोरतं. ठोके मारायचे नाहीत.

शोरूममधलं मशीन देखणं होतं. विक्रेत्याने भुसा दाबून बनवलेल्या फळीवर सरस्वती कोरून दाखवली. वडिलांनी पिशवीतून बाभळीचा तुकडा काढला.

"ह्याच्यावर चालवा."

"काका, डेमो आमच्याच मटेरियलवर होतो."

"आन दार आमच्या मटेरियलवर हुतं."

नाइलाजाने त्याने बाभूळ लावली. मधल्या गाठीशी पातं मोडलं, पडद्यावर लाल अक्षरं आली आणि मशीन बसलं. आता कंपनीचा माणूस पुण्याहून येईल, तोच ते सुरू करील. कंट्रोल बॉक्सवर सील होतं; ते तोडलं की वॉरंटी संपली. शिवाय मशीन थ्री फेजवर चालणारं, आणि आमच्याकडे थ्री फेज येते ती शेतीच्या लाइनला, पाळीने. वडील म्हणाले, "म्हंजी उसाला पाणी आन दाराला नक्षी एकाच टायमाला. उसात दारं धरायला बायकोला पाठवतो."

दुसरं मशीन आम्ही बारामतीतच एका तरुणाच्या गॅरेजमध्ये पाहिलं. दिसायला उघडंवागडं, पण घरच्या साध्या विजेवर चालणारं. पूर्ण दार त्यावर मावणार नव्हतं. दारात बसवायचा दिलहा, म्हणजे चौकोनी फळी, मात्र आरामात मावत होता. आम्हाला तेवढंच हवं होतं. मी म्हटलं, झाकण उघडा. त्याने काही न विचारता स्क्रू काढले आणि आतला एकेक भाग दाखवला. यातलं सगळं बाजारात मिळतं, म्हणाला. बाभळीच्या गाठीशी त्याचंही पातं कण्हलं. त्याने वेग उतरवला, खोली कमी केली आणि गाठ पार केली. वडिलांनी त्या कोरीव रेषेवरून अंगठा फिरवला. "हे घेऊ."

मशीन घरी आलं त्या दिवशी शेडमध्ये निम्मी वस्ती जमली. शेजारचे आबा नारळ घेऊन हजर. मी म्हटलं, आबा, उंबऱ्यावर फोडा.

"ट्रॅक्टरला बोनेटवर फोडला, विहिरीच्या मोटारीला पंपावर फोडला. हिनंच काय घोडं मारलंय?"

आणि त्यांनी मशीनच्या लोखंडी चौकटीवर दणकून नारळ फोडला. निम्मं पाणी कंट्रोल बॉक्सच्या जाळीतून आत गेलं. मशीन नुकतंच सुरू केलं होतं. आतून चर्र आवाज आला, जळका वास सुटला आणि दिवा विझला.

आबा पुटपुटले, "देवाला पाणी गोड लागतं. हिला न्हाय लागलं."

वडील बाकावर बसले. उजवा खांदा धरून म्हणाले, "लाव फोन ठेकेदाराला."

"कुणाला फोन न्हाय," आई म्हणाली. "स्क्रूड्रायव्हर कुठं हाय?"

आम्ही प्लग काढला आणि झाकण उघडलं. गॅरेजवाला फोनवरून सांगत होता. मी आतला सर्किट बोर्ड सोडवून स्पिरिटने पुसला, आईने पंखा धरला, आबांनी न सांगता टॉर्च धरली. बोर्ड वाचला होता, पॉवर सप्लाय जळला होता. दुकानांवर चमकणाऱ्या एलईडी पाट्या असतात, त्यांना लावतात त्याच जातीचा. दुसऱ्या दिवशी मी तसा सप्लाय आणायला बारामतीत गेले. दुकानदाराने विचारलं, "कुठल्या दुकानाचा बोर्ड लावताय?"

"बोर्ड नाही, दार," मी म्हटलं.

संध्याकाळी मशीन पुन्हा सुरू झालं. वडिलांनीच बटण दाबलं. पात्याचा आवाज बदलला की ते वेग कमी-जास्त करत होते, मी सांगायच्या आधी. नक्षी त्यांचीच, कागदावर हाताने काढलेली. मी ती कॉम्प्युटरवर घेतली होती. दिलहा निघाला तेव्हा त्यांनी कडा पटाशीने नुसत्या हातदाबाने साफ केल्या. तेवढ्यात ठेकेदाराचा फोन आला.

"दुसरा माणूस बघा साहेब," वडील म्हणाले. "हितं माझ्यावाचून मशीन अडतंय."

आजवर आईबरोबर मोर्चांत मी पुष्कळ घोषणा दिल्या. त्या वाक्याने जेवढी मान ताठ झाली, तेवढी एकाही घोषणेने झाली नव्हती. तो दिलहा बसवलेलं दार कळसमध्येच एका नव्या घराला लागलंय आणि तिथून जाताना मी अजूनही सायकल हळू करते.

तुमच्याकडे कुणी घर बांधत असेल, तर त्याला तयार दार घेण्याआधी गावातल्या सुताराच्या शेडमध्ये घेऊन जा. तिथे मशीन असो वा नसो, आत जा, बसा आणि दार कसं हवं ते त्याला सांगा.