सरड्याची अंडी

दापोड्याला आमच्या घरामागे शेवग्याचं एक झाड होतं आणि त्यावर सरडे होते. सकाळी मी धुण्याच्या दगडाशी बसायचे तेव्हा ते समोरच असत, म्हणून त्यांचं सगळं मला पाठ. पावसाळ्याच्या तोंडाशी नराचा गळा लालभडक होतो. तो फांदीवर पहिलवानासारखे जोर काढतो, दुसऱ्या नराला हुसकावतो. मादी मातकट, निमूट. पोट जड झालं की ती खाली उतरते, पुढच्या पायांनी खड्डा करते, अंडी घालते, वर माती ओढते आणि तोंडाने ठोकून ठोकून ती घट्ट बसवते. मग झाडावर निघून जाते. अंड्यांकडे पुन्हा फिरकत नाही.

गेल्या वर्षी तिने अंडी घातली त्याच आठवड्यात मागची जागा गोदामाला द्यायचं ठरलं. नवऱ्याला म्हटलं, जेसीबी दोन महिने थांबव. त्याने कारण विचारलं. सांगितल्यावर हसलासुद्धा नाही. भरावाच्या गाड्या सोमवारी येणार, एवढंच म्हणाला.

रविवारी मी खुरप्याने जागा उकरली. बारा अंडी निघाली. पांढरी, लांबट, बोट लावलं तर दबणारी. तेलाचा डबा कापून त्यात तीच माती भरली आणि अंडी ठेवली. सासू बघत होती. "सरड्याची सुईन झालीस का गो?" म्हणाली. पण वर घालायला ओलं फडकं तिनेच आणून दिलं.

अंडी उबवणं आम्हाला नवं नव्हतं. माहेरी खुडूक कोंबडी उठून गेली तर आई हाताने रोज अंडी फिरवायची, नाहीतर पिल्लू आत एका बाजूला चिकटतं. मीही तेच केलं. प्रत्येकावर कोळशाने खूण केली आणि रोज सकाळी हात धुऊन उलटवलं. एक दिवस चुकवला नाही.

सोमवारी झाड गेलं. नर दोन दिवस कंपाउंडच्या भिंतीवर जोर काढत होता. हुसकावायला समोर कोणी नव्हतं. तिसऱ्या दिवशी तोही दिसला नाही.

तीनेक आठवड्यांत अंडी पिवळी पडली, आत चेपली. धाकट्या जावेची मुलगी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकते. तिला डबा दाखवला. कोळशाच्या खुणा बघून तिने विचारलं, "काकी, तू ही फिरवतेस?"

रोज, मी म्हटलं.

मग तिने नीट सांगितलं. हे कोंबडीचं अंडं नव्हे. आतला जीव वरच्या बाजूला कवचाला धरून वाढतो, उलटा केला की दबून मरतो. जमिनीत ते हलत नाही, म्हणून जगतं.

ती घट्ट बसवलेली माती मी पंचवीस वर्षं बघत होते. मादी तसं का करत असेल, हे एकदाही मनात आलं नाही.

सासू म्हणाली, "तशी पन भरावाखाली गेलीच असती." खरं आहे. पण भराव मी टाकला नव्हता. अंडी मी मारली, एकेक करून, हात धुऊन.

पुरायला घरामागे माती उरली नव्हती, तिथे कोबा झाला होता. अंडी ओल्या कचऱ्यात टाकली आणि घंटागाडी आली तेव्हा देऊन टाकली. त्यानंतर आमच्या बाजूला सरडा दिसलेला नाही. गोदामाच्या पत्र्यावर त्याला धरायला काही नाही.