साखराबाईनं गाव माणसाळवलं

माझ्या आणि साखराबाईच्या घरात एकच भिंत, तीही इतकी पातळ की तिकडं फोडणी पडली की ठसका मला लागतो. त्यामुळं पुढं जे सांगतोय ते सगळंच ऐकीव नाही, बरंचसं भिंतीला कान लावून मेहनतीनं मिळवलेलं आहे. मुखेडच्या स्टँडवर कंट्रोलर म्हणून जन्म काढला. कोण कुठल्या गाडीत कुणाच्या शेजारी बसलं हे बघायची खोड निवृत्त झालो म्हणून जात नाही.

साखराबाई म्हणजे वैजनाथ घोडेवाल्याची बायको. आमच्याकडं नवरदेवाची वरात निघायची ती वैजनाथच्या घोडीवरून. तो छातीत कळ येऊन गेला तेव्हा माळेगावच्या जत्रेतून आणलेली नवी घोडी दारात होती. नाव शांता. हे नाव ज्यानं ठेवलं त्याचा एकदा सत्कार करायला पाहिजे, कारण दोरीवरचं लुगडं हललं तरी ही चौखूर उधळायची.

तिला वरातीसाठी तयार करायचं काम साखराबाईनं अंगावर घेतलं. आधी परसाच्या पार टोकाला उभं राहून ताटलीवर चमचा वाजवायचा, हळूच. घोडीनं कान टवकारले की चमचा थांबला. कान खाली आले की गुळाचा खडा. मग ताटली जवळ आली. मग पत्र्याचा डबा, कुकरची शिट्टी, लवंगी फटाके, आणि शेवटी स्पीकरवर डीजेची गाणी.

"दचकली की आपण एक पाऊल मागं सरायचं, मामा," ती मला सांगायची, "पर पळून जायचं न्हाई. आन् तिला बी पळू द्यायचं न्हाई."

होता होता शांता अशी झाली की शेजारी सुतळी बॉम्ब फुटला तरी शेपटीनं माशा हाकत उभी. दचकायचा तो मीच.

शिंकायचाही मीच. सकाळी घोडीला खरारा सुरू झाला की इकडं माझं नाक सुरू. शेवटी नांदेडला गेलो. डेपोतला माझा जुना सोबती साहेबराव, त्याचा प्रीतम तिथं नाक-कान-घशाचा डॉक्टर आहे. तो म्हणाला, "काका, तुम्हाला घोडीच्या केसांची ॲलर्जी आहे. ज्याचा त्रास, तेच थेंबाथेंबानं शरीराला देत राहायचं. हळूहळू शरीर म्हणतं, हे तर घरचंच माणूस." याला डिसेन्सिटायझेशन म्हणतात म्हणे. मला आठवलं, लातूरच्या दातांच्या डॉक्टरनं ठणकणाऱ्या दाढेला पेस्ट दिली होती तेव्हा हाच शब्द वापरला होता. प्रीतम म्हणाला, भित्र्यांची भीती घालवणारे डॉक्टरही हेच करतात. आणि मोबाईलवर अपघात बघत बघत जे भज्यांची दुसरी प्लेट मागवतात, त्यांनाही हाच शब्द, फक्त तिथं तो कौतुकाचा नसतो. परत येताना गाडीत तो शब्द पाठ करत आलो. विरूपाक्षच्या हॉटेलात नवा शब्द आणणाराला दोन दिवस तरी चहा फुकट असतो.

तर घोडी तयार झाली, पण वरातीत लगाम कोण धरणार? नवरदेवाच्या पुढं विधवा बाई चालणार, हे कुणाच्या पचनी पडायचं? म्हणून लगाम धरला दीर बजरंगनं. माणूस वाईट नाही, पण हात असा जड की पहिल्याच वरातीत घोडीच्या तोंडातून रक्त आलं. साखराबाईनं रात्रभर बोल लावले, तसा तो ओसरीवर बसून मोठ्यानं म्हणाला, "तुला वरातीत चालता येत न्हाई, मला घोडी जमत न्हाई. शोभेला ठेवायची का तिला? जत्रा आली की माळेगावला नेऊन इकून टाकू, वैनी."

"जत्रेपस्तोर थांबा," ती एवढंच म्हणाली. तिच्या हातात आता एकच लगनसराई होती.

आणि मग तिनं जे केलं ते गावात फक्त मला कळलं, कारण तेवढ्या बारकाईनं दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसणारा माझ्याशिवाय दुसरा कुणी नाही.

त्यानंतरच्या पहिल्या लग्नाला तिनं घोडी मांडवापर्यंत आणली आणि लगाम बजरंगकडं दिला. पुढच्या लग्नात ती वरातीच्या शेवटी, घोडीच्या दाणा-चंदीची पिशवी घेऊन. त्यापुढच्या लग्नात घोडीच्या शेपटीजवळ. कुणी वळून बघितलं की म्हणायची, "जीन ढिलं झालंय वाटतं." एका वरातीत तर ते जीन गल्लीच्या टोकापर्यंत ढिलंच होतं. मग घोडीच्या पोटाजवळ. कुणी कपाळाला आठी घातली की एक पाऊल मागं. आठी गेली की परत जागेवर.

एका लग्नात मात्र ती घाई करून गेली. एकदम लगामाजवळ. वरमावशी गौरम्मा देगलूरकडची, जिभेला हाड नाही. भर रस्त्यात बँड थांबवून म्हणाली, "हिला कुणी पुढं घातलं? पोराच्या संसाराला नजर लावाय आली का?" साखराबाई पार शेवटी जाऊन उभी राहिली.

संध्याकाळी मी भिंतीवरून डोकावलो. धीर द्यायला म्हणून माझा शब्द काढला. म्हटलं, "डोस मोठा झाला बाई. पण तुला आता असल्या बोलण्याची सवय झाली असंल."

ती घोडीचं खोगीर पुसत होती. "घोडीला सवय झाली, मामा. गावाला बी होईल. मला कशी व्हावी? दर येळेला तेवढंच लागतं." मग पुसता पुसता म्हणाली, "तुमचं नाक कसं हाय?"

हा विषय मी पुन्हा काढला नाही. ती मात्र पुढच्या लग्नात परत शेपटीजवळ हजर.

तुळशीची लग्नं झाली आणि अमृतरावांच्या नातवाचं, भागवतचं, लग्न निघालं. अमृतराव म्हणजे मांजर आडवं गेलं तर ट्रॅक्टर माघारी वळवणारा माणूस. जत्रेआधीची ही शेवटची वरात. मी विरूपाक्षच्या हॉटेलात अगदी खासगीत सगळ्यांना सांगून ठेवलं की आज रंगत आहे. त्यामुळं नवरदेवाशी काडीचा संबंध नसलेली बरीच मंडळी रस्त्याच्या कडेला आधीच जागा धरून होती.

डीजे सुरू झाला. बजरंग आला तोच नाचायच्या बेतात. पूर्ण हंगाम वहिनी जवळ असल्यामुळं त्याला एक हात मोकळा ठेवायची सवय लागली होती. आज त्यानं दुसराही मोकळा केला आणि पोरांच्या घोळक्यात शिरला. लगाम साखराबाईच्या हातात. ती पुढं, मागं शांता, वर भागवत, आणि बाजूला दणदणीत फेट्यातले अमृतराव.

आम्ही सगळे त्यांच्या मिशांकडं बघत होतो. अमृतराव वळले. बघितलं. घड्याळ बघितलं.

"साखराबाई, अंमळ पाय उचला. मुहूर्त चाललाय."

"वाट कुठं हाय मालक? तुमचे पावणेच मधी नाचून राहिलेत."

अमृतराव स्वतः पुढं घुसले आणि काठीनं व्याह्यांना बाजूला सारत ओरडले, "ए, बाईला वाट द्या."

वरात निघून गेली. विरूपाक्ष माझ्याजवळ सरकून म्हणाला, "कंट्रोलर साहेब, ते रंगतीचं कवा सुरू व्हणार म्हणला होता?"

"झालं," मी म्हटलं.

"काय झालं? मला तर कायबी दिसलं न्हाई."

त्या दिवशीच्या चहाचे पैसे त्यानं माझ्याकडून घेतले.

पुढं जत्रेला बजरंग एकटाच गेला. येताना शांतेसाठी घुंगरांचा पट्टा घेऊन आला. पट्टा साखराबाईनं ठेवून घेतला. लगाम काही त्याला परत दिला नाही, आणि त्यानंही मागितला नाही.