उजव्या कोपऱ्यातलं बटण

आमच्या मराठी मंडळाच्या वाचनालयासाठी पुस्तकं देण्याघेण्याचा प्रोग्राम मीच लिहिला होता, तोही हौसेने. त्यामुळे त्यात कोणी खोट काढली की मला राग यायचा. वाचनालय सांभाळायचे माझे बाबा. पोलाद कारखान्याच्या कंट्रोल रूममध्ये अख्खी नोकरी काढून ते निवृत्त झाले होते आणि रोज दुपारी कोहक्यातल्या आमच्या घरून स्कूटरने तिथे जाऊन बसत.

त्या वर्षी पडद्यावरच्या खिडक्या, बटणं, याद्या बनवायचं जे टूलकिट मी वापरत होते, त्याची नवी आवृत्ती आली. जुन्यात प्रत्येक बटणाची जागा मी आकड्यांनी ठरवून दिली होती: डावीकडून इतकं, वरून इतकं. नव्यात ती सोयच काढून टाकलेली. आता बटणं एका चौकटीत टाकायची आणि मांडणी टूलकिट आपल्या मर्जीने करणार. पाहुण्यांनी येऊन आपल्या घरातली कपाटं हलवावीत तसं मला वाटलं. दोन रविवार चरफडत सगळं पुन्हा जुळवलं. प्रोग्राम चालला आणि मी हात झटकले.

मग तक्रारी सुरू झाल्या. परत केलेली पुस्तकं यादीत वाचकांच्याच नावावर दिसायची. "काका, मी तर मागच्याच हप्त्यात दिलं," लोक म्हणत. बाबा म्हणत, नोंद केली होती. पुस्तक कपाटात असायचं, नोंद मात्र नसायची. मी कोड ओळीओळीने तपासला. स्वतः दहा पुस्तकं जमा करून पाहिली, दहाही झाली. मग बाबांचीच कशी होत नाहीत? डोकं चालेना. शेवटी सुचलं ते मी जेवताना बोलून मोकळी झाले.

"बाबा, तुम्हीच विसरून राहिले असाल."

"मले तं याद आहे ना बेटा, दाबलं होतं मी." त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. "असन. विसरून राहिलो असन."

त्यानंतर ते बदलले. स्कूटर सोडून ऑटोने जाऊ लागले. दाराला कुलूप लावून दोनदा मागे फिरत. मी म्हटलं, वय झालं. पण वाचनालयच सोडतो म्हणाले तेव्हा मी चमकले. एका दुपारी सुट्टी टाकून त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

एक बाई पुस्तक परत करायला आल्या. बाबांनी नंबर टाकला, बाईंकडे बघत नातवाची चौकशी केली आणि पडद्याकडे न बघताच माउस उजव्या खालच्या कोपऱ्यात नेऊन क्लिक केलं. "झालं," म्हणाले. खिडकी बंद झाली. मी यादी उघडली, तर नोंद नाही.

पुन्हा करायला लावलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी त्यांच्या हाताऐवजी पडद्याकडे बघितलं. उजव्या कोपऱ्यात 'रद्द' होतं. 'जमा' डावीकडे सरकलं होतं. नव्या मांडणीने दोन्हींचा क्रम उलटवला होता, आणि मी बटणावरचं नाव वाचून दाबणारी, माझ्या ते लक्षातच आलं नव्हतं. दोन्हींपैकी कोणतंही दाबा, खिडकी त्याच तऱ्हेने बंद व्हायची.

मला लाज वाटली. मी त्यांना सगळं सांगितलं.

बाबांनी चष्मा सारखा करून ती दोन्ही बटणं वाचली. "आमच्या पॅनलवर एक स्विच हलवला तं शिफ्टच्या रजिस्टरात लिहा लागे. तिन्ही शिफ्टवाले सही करत. तू कावून नाही सांगितलं?"

"मलेच माहीत नव्हतं, बाबा."

"म्हणजे मले काही झालं नाही?"

"काहीच नाही झालं. चूक माझी आहे."

त्यांनी शर्टाच्या खिशातून एक लहान वही काढून माझ्या हातात दिली. "मंग हे फाडून टाक."

मी उघडली. कारखान्यातल्यासारख्या नीट, नंबर घातलेल्या ओळी होत्या. घर कोहक्यात, पाण्याच्या टाकीमागे. चष्मा टीव्हीवर. मुलगी सहाला येते. आणि त्याखाली: ती म्हणेल तेच बरोबर, वाद घालू नये.